शीतकोठीचा कोठावळा



आज ज्या कामाविषयी मी बोलणार आहे, त्याला आपल्या मराठीत अजून धड नाव पडलेले नाही. त्याचे इंग्रजी नाव इतके लांबलचक आहे की त्याचा अर्थ उलगडत बसलो तर माझी वेळ त्यातच संपायची. म्हणून मी आपला जुना शब्द घेतो. कोठावळा! वाड्यात किंवा देवस्थानात धान्याच्या, तुपाच्या, गुळाच्या कोठीवर जो माणूस असे तो कोठावळा. किल्ल्या त्याच्या कमरेला. काय आले, काय गेले, कशाला टोके लागले, हे सारे त्याच्या वहीत. पंगत उठली की वाहवा आचाऱ्याची व्हायची, कोठावळ्याचे नाव कोणी काढीत नसे. पण ऐन वेळी डबा रिकामा निघाला की पहिली हाक मात्र त्यालाच!

मी सांगतो ती कोठी धान्याची नव्हे. तिथे माणसाचे रक्त, रक्तातला पिवळसर रस, शरीरातल्या पेशी आणि त्या पेशींतून काढलेला डीएनए ठेवलेला असतो. हिला बायोबँक म्हणतात. ही रक्तपेढी नव्हे, बरे का! रक्तपेढीतले रक्त महिना-सव्वा महिन्यात रोग्याला द्यावे लागते, नाहीतर टाकून द्यावे लागते. बायोबँकेतले रक्त कोणाच्या अंगात चढवायचे नसते. ते राखायचे असते अभ्यासासाठी, आणि तेही वर्षानुवर्षे. डीएनए म्हणजे आपल्या शरीराची सूत्रे ज्यात लिहिली आहेत ती पोथी. सुमारे 300 कोटी अक्षरांची ही पोथी वाचायला चमचाभर रक्त पुरते. पोथी वाचणाऱ्या शास्त्रज्ञांची नावे वर्तमानपत्रांत येतात. ती पोथी ओली होऊ नये, जळू नये, एकाची दुसऱ्याच्या नावावर जाऊ नये, हे पाहणारा माणूस कोण, त्याचे आयुष्य कसे जाते, ते आज आपण पाहू.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळे विलायतेतले असेल, आम्हा पिंपरी-चिंचवड, चाकणकडच्या माणसांना त्याचे काय? तर मंडळी, या प्रकारच्या कोठीची ओळख आपल्या भागाला जुनी आहे. 1954 साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची त्याला मदत होती. 1955 पासून तिथे पेनिसिलिन निघू लागले. पेनिसिलिन म्हणजे बुरशीपासून मिळणारे औषध. त्या बुरशीचे बी जपून ठेवावे लागते. ते बी बिघडले तर हजारो लिटरच्या टाक्या असून नसून सारख्या. शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. बियाणे कुजले तर बैलजोडी कितीही चांगली असो, पेरायचे काय?

याच कारखान्याच्या संशोधन विभागात डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी मातीतल्या सूक्ष्म जीवांचा शोध घेत असत. त्यांना एक जीव असा सापडला की त्याच्यापासून बुरशीजन्य रोगांवर चालणारे औषध निघाले. 1961 साली ते हमायसिन या नावाने जाहीर झाले. हिंदुस्थान अँटिबायोटिक्समधली पहिली अक्षरे त्या नावात आहेत. आणि त्या सूक्ष्म जीवाला शास्त्रीय नाव दिले ते स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. आपल्या पिंपरीचे नाव जगाच्या शास्त्रीय यादीत असे चढले. असले जीव बारीक काचेच्या नळ्यांत गोठवून, सुकवून, तोंड बंद करून ठेवतात. तशी नळी वीस वर्षांनी फोडली तरी आतला जीव पुन्हा वाढीला लागतो. मात्र नळीवरची चिठ्ठी शाबूत हवी. चिठ्ठी गेली की उरते ती नुसती चिमूटभर भुकटी.

पुढे 1992 साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था निघाली. ती भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत आहे. आता तिचे नाव बदलले आहे. म्हणजे यंत्रांच्या खडखडाटात, मोटारींच्या सुट्या भागांच्या शेजारीच, माणसांच्या रक्ताच्या नमुन्यांवरचे कामही आपल्याकडे चालू आहे.

पण या कोठीचे खरे मोल समजायला मी तुम्हाला पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत नेतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना एक कोडे पडले होते. आपल्याकडची माणसे अंगाने किरकोळ, तरी त्यांना मधुमेह लवकर का गाठतो? याचे मूळ आईच्या पोटातच असेल काय, हे पाहण्यासाठी त्यांनी 1993 साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक अभ्यास सुरू केला. गरोदर बायांचे खाणेपिणे, कष्ट, वजन यांची नोंद झाली. अठराव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात रक्त घेतले गेले. बाळे जन्मली तेव्हा त्यांचे वजन सरासरी 2.7 किलो भरले. इंग्लंडात साउथॅम्प्टनला बाळे साडेतीन किलोची होती. पण मौज अशी की आपल्या बाळांचे स्नायू, पोटातले अवयव जितके उणे होते, तितकी कातडीखालची चरबी उणी नव्हती. बाळ दिसायला बारीक, पण त्या मानाने चरबी जास्त. हा निष्कर्ष जगभर गाजला.

इथपर्यंतचे काम मोजपट्टीचे आणि तागडीचे. पुढचे काम कोठीचे. त्या आयांचे रक्त थोडे थोडे करून गोठवून ठेवलेले होते. मुले सहा वर्षांची झाली, तेव्हा त्यांच्या शरीरात इन्सुलिनचे काम कसे चालते ते तपासले. मग त्या मुलांच्या आयांच्या, गरोदरपणी साठवलेल्या रक्तातले ब-12 हे जीवनसत्त्व मोजले. तीन आयांपैकी दोघींना ते कमी होते. फोलिक आम्ल मात्र कमी असलेली बाई जवळजवळ सापडलीच नाही. ज्या आयांना ब-12 कमी आणि फोलिक आम्ल जास्त, त्यांच्या मुलांत मधुमेहाकडे झुकणारी लक्षणे सर्वांत अधिक दिसली. हे 2008 साली प्रसिद्ध झाले.

आता नीट विचार करा. रक्त गोठवले तेव्हा मूल पोटात होते. त्या मुलाच्या इन्सुलिनचा हिशेब आणखी सहा-सात वर्षांनी व्हायचा होता. मूल सहा वर्षांचे झाल्यावर आईच्या गरोदरपणीचे रक्त आणायचे कुठून? घड्याळाचे काटे मागे फिरत नाहीत. ते रक्त एकाच ठिकाणी होते, कोठीतल्या शीतपेटीत. मधल्या काळात एखाद्या मे महिन्यात दोन दिवस वीज गेली असती, किंवा बोटभर नळीवरचा आकडा पुसला असता, तर निष्कर्षही गेला असता, आणि तो गेला हे कोणाला कळलेही नसते. याच कुटुंबांच्या रक्तातला डीएनए पुढे हैदराबादच्या पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी वाचला, आणि आपल्या लोकांच्या रक्तात ब-12 किती राहते याच्याशी कोणत्या जनुकांचा संबंध आहे ते 2017 साली दाखवले.

तर हा कोठावळा दिवसभर करतो काय?

पहिली गोष्ट म्हणजे घाई. खेड्यात सकाळी उपाशीपोटी रक्त घेतले की ते बर्फाच्या पेटीत घालून काही तासांच्या आत प्रयोगशाळेत आले पाहिजे. दूध डेअरीला वेळेवर न्यावे लागते, तसेच. तिथे ते यंत्रात गरगर फिरवून त्याचे थर वेगळे करतात. मग त्याचे लहान लहान वाटे. सगळे एकाच नळीत ठेवायचे नाही. कारण एकदा वितळलेले रक्त पुन्हा गोठवले की त्याचा कस कमी होतो. म्हणून एका अभ्यासाला एक वाटा. बाकीच्यांना हात लावायचा नाही.

मग गारवा. चाकणच्या बाजारातल्या माणसाला ठाऊक आहे की कांद्याला वारा लागतो आणि बटाट्याच्या बेण्याला गारवा. एकाच्या जागी दुसरे ठेवले की दोन्हींचे वाटोळे. इथेही तसेच आहे. डीएनए थोड्या थंडीतही टिकतो. रक्तरस उणे 80 अंशांत ठेवतात. पेशी पुढे जिवंत हव्या असतील तर द्रवरूप नायट्रोजन लागतो. त्याचे तापमान उणे 196 अंश! हा नायट्रोजन उडून खोलीत भरला तर श्वासाला प्राणवायू उरत नाही, आणि माणसाला वासही येत नाही. म्हणून तिथे प्राणवायू मोजणारे यंत्र भिंतीवर असते, आणि एकट्याने आत जायचे नाही असा दंडक असतो. शीतपेट्यांना जनित्राचा आधार हवा. एक-दोन पेट्या मुद्दाम रिकाम्या, पण चालू ठेवाव्या लागतात. एक पेटी बिघडली की माल लगेच तिकडे हलवायचा. रिकाम्या पेटीचे वीजबिल पाहून हिशेबनीस कुरकुरतात. कोठावळ्याने ती कुरकुर ऐकून घ्यायची आणि पेटी चालूच ठेवायची.

आणि वही. आता वही संगणकात असते. चाकणच्या कारखान्यांत काम करणाऱ्या मंडळींना हे चटकन समजेल. सुट्या भागावर लॉट नंबर असतो. गाडी बिघडली की तो भाग कोणत्या दिवशी, कोणत्या यंत्रावर निघाला ते काढता येते. इथे नळीवर बारकोड असतो, आणि वहीत लिहिलेले असते अमुक पेटी, अमुक मांडणी, अमुक डबा, अमुक रांग, अमुक घर. नाव मात्र नळीवर नसते, केवळ आकडा. कोणता आकडा कोणाचा, हे वेगळ्या कुलपात. एक फरक ध्यानात ठेवा. कारखान्याच्या स्टोअरमध्ये आधी आलेला माल आधी काढतात. बायोबँकेत सर्वांत जुना नमुना हाच बहुधा सर्वांत मोलाचा. कारण त्या माणसाचे पुढे काय झाले ते आता आपल्याला माहीत झालेले असते. नवीन माल काय, उद्याही मिळेल.

हे सारे नीट चालले की काहीच घडत नाही, आणि हीच या कामाची अडचण आहे. काही घडले की मात्र जगभर बोभाटा होतो. स्वीडनमध्ये स्टॉकहोमची कॅरोलिन्स्का संस्था म्हणजे वैद्यकशास्त्रातले मोठे पीठ. तिथे 2023 सालच्या नाताळच्या सुट्टीत नायट्रोजनच्या सोळा टाक्यांचा पुरवठा तुटला. टाक्या चार दिवस तग धरू शकत होत्या, पुरवठा तुटून राहिला पाच दिवस. रक्ताच्या कर्करोगाच्या अभ्यासासाठी जवळजवळ तीस वर्षे जमवलेले नमुने त्यात गेले. पैसा होता, विद्या होती, यंत्रे होती. सुट्टीच्या दिवशी दार उघडून पाहणारे माणूस तेवढे नव्हते. आमच्याकडे दिवाळीत गोठ्यातल्या जनावरांची वैरण चुकत नाही. या कोठीचे तसेच समजा.

आता जरा नाजूक गोष्ट सांगतो, कारण ती तुमच्या-आमच्या घरापर्यंत येणारी आहे. उद्या तुमच्या गावात कोणी आले आणि म्हणाले, अभ्यासासाठी तुमचे थोडे रक्त द्या, तर ते रक्त कोणाचे? अमेरिकेतल्या ॲरिझोना प्रांतात हवासुपाई नावाचे आदिवासी लोक डोंगराच्या खोल घळीत राहतात. त्यांच्यात मधुमेह फार. 1990 च्या सुमारास विद्यापीठाच्या लोकांनी मधुमेहाचा अभ्यास म्हणून त्यांचे रक्त घेतले. पुढे त्या लोकांना कळले की त्याच रक्तावर मानसिक आजारांचे आणि त्यांचे पूर्वज कुठून आले याचेही अभ्यास झाले आहेत. आपण इथलेच, असे त्यांची श्रद्धा सांगते. त्यांना ते फार लागले. 2004 साली ते कोर्टात गेले. 2010 साली विद्यापीठाने तडजोड करून 7 लाख डॉलर दिले आणि उरलेले रक्त परत केले. त्या रक्ताला शीतपेटीत काही झाले नव्हते. ज्या शब्दावर ते दिले होते, तो शब्द राखला गेला नव्हता.

म्हणून नमुन्याबरोबर संमतिपत्रही जपावे लागते. आपल्या देशात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 2017 साली जी नीतितत्त्वे छापली, त्यांत बायोबँकेसाठी वेगळे प्रकरण आहे. रक्त देणाऱ्याला त्याच्या भाषेत समजावून सांगावे, नको म्हणण्याचा आणि पुढे माघार घेण्याचाही त्याला हक्क आहे, लहानपणी आईबापांनी संमती दिली असेल तर मूल सज्ञान झाल्यावर त्याला स्वतःला विचारावे, अशा गोष्टी त्यात आहेत. कागदावर हे सोपे वाटते. पण समजा, कोणी आजीबाई म्हणाल्या, माझे रक्त काढून टाका. तर त्यांच्या रक्ताचे दहा वाटे कुठे कुठे आहेत, त्यातला एक हैदराबादला गेला का, दुसरा बंगळूरला गेला का, हे शोधून प्रत्येक वाटा नष्ट करायचा आणि तशी नोंद करायची, हे काम कोठावळ्याचेच. उलट बाजूने, एखादे मोठे प्राध्यापक आले आणि म्हणाले, मला शंभर नळ्या आजच हव्यात, तर समितीची परवानगी दाखवा, असे त्यांना नम्रपणे पण ठामपणे सांगायचे, हेही त्याचेच काम. माझ्या मते या पदाची खरी परीक्षा इथे आहे. थंडी यंत्राने राखता येते. मोठ्या माणसाला नाही म्हणायला मणका लागतो.

तुमच्याकडे रक्त मागायला कोणी आले तर तुम्हीही विचारा. हे कशासाठी? कुठे ठेवणार? किती वर्षे? आणखी कशाला वापरणार? मला काय आढळले ते सांगणार का? नको वाटले तर कोणाला सांगू? विचारण्यात उद्धटपणा नाही. चांगल्या कोठीतल्या माणसाला या प्रश्नांची उत्तरे तोंडपाठ असतात.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्या वर्गात बसलेल्या मुलामुलींसाठी दोन शब्द. समजा, खेड तालुक्यातली एखादी मुलगी सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान घेऊन बी.एस्सी. झाली, नाहीतर प्रयोगशाळा तंत्रज्ञाची पदविका घेतली. तिची सुरुवात होते चिठ्ठ्या चिकटवण्यापासून. रक्ताच्या नळ्या उतरवून घेणे, यंत्रात फिरवणे, वाटे करणे, शीतपेटीचे तापमान सकाळ-संध्याकाळ लिहिणे. दोन-चार वर्षांनी तिच्याकडे वहीचा ताबा येतो. मग गुणवत्तेची तपासणी. वहीतला कोणताही एक आकडा उचलायचा आणि तीच नळी त्याच घरात आहे का ते जाऊन पाहायचे. पुढे शीतपेट्यांची खरेदी, माणसांच्या पाळ्या, नीतिसमितीपुढचे कागद, कोरड्या बर्फात नमुने परगावी पाठवणे. असे करता करता ती सगळ्या कोठीची प्रमुख होते. या कामासाठी 2018 पासून आयएसओचे 20387 क्रमांकाचे जागतिक मानक आहे. ज्यांच्या कारखान्यात आयएसओची तपासणी होते त्यांना तिची धावपळ डोळ्यांसमोर येईल.

या धंद्याला हुशारीपेक्षा सवय जास्त लागते. अक्षर स्वच्छ हवे, खाडाखोड केली तर ती उघड हवी. पुसून पुन्हा लिहिणारा विद्यार्थी इथे उपयोगाचा नाही. चूक एका रेघेने खोडून, शेजारी तारीख आणि सही घालणारा हवा. शाळेच्या प्रयोगवहीत एवढे एक वळण लावता आले तर पाहा. नाव मात्र फारसे मिळत नाही, हे आधीच सांगून ठेवा. शोधनिबंधाच्या माथ्यावर शास्त्रज्ञांची नावे असतात. कोठीतल्यांचे आभार शेवटी, बारीक टायपात.

तरी या माणसांची गरज वाढत जाणार आहे. आपल्या सरकारने 2020 साली जीनोम इंडिया हे काम हाती घेतले. वीस संस्था त्यात होत्या. देशातल्या वेगवेगळ्या लोकसमूहांतून सुमारे वीस हजार नमुने जमले, त्यांतल्या दहा हजार माणसांच्या डीएनएची पोथी संपूर्ण वाचली गेली, आणि 9 जानेवारी 2025 रोजी ती माहिती संशोधकांना खुली झाली. ते नमुने बंगळूरच्या कोठीत आहेत. इंग्लंडात तर 2006 ते 2010 या काळात पाच लाख माणसांनी आपले रक्त दिले. ते मँचेस्टरजवळ ठेवलेले आहे, आणि तिथे नळ्या काढायला हात नव्हे, यंत्रे फिरतात. आपल्याकडे अजून हातच जास्त आहेत.

पुण्याजवळच्या त्या सहा खेड्यांतले काम अजून संपलेले नाही. आयांच्या पोटात असताना ज्यांचा हिशेब सुरू झाला, त्या मुलामुलींना 2012 पासून, म्हणजे ती सतरा-अठराची असताना, ब-12 च्या अगदी लहान मात्रेच्या गोळ्या देण्याचा प्रयोग सुरू झाला. पुढे त्यांची लग्ने झाली. मुली बाळंतपणाला आल्या, तेव्हा नाळेतले रक्त घेतले गेले. आजीचे 1990 नंतरचे रक्त, आईचे रक्त, आणि आता बाळाच्या नाळेचे. तीन पिढ्यांच्या नळ्या, आणि त्यांच्या वहीत नव्या आकड्यांची भर पडते आहे.